हिंदूरावाची टेकडी: खेळ, गाणे आणि बातमी

जुन्या दिल्लीच्या तटाबाहेर, उत्तरेच्या अंगाला, जी खडकाळ रांग पसरली आहे तिच्या माथ्यावर महापालिकेचे एक मोठे रुग्णालय आहे. दररोज शेकडो माणसे रिक्षावाल्यास ‘हिंदूराव’ एवढा एकच शब्द सांगून तेथे पोहोचतात. हा हिंदूराव कोण, असे त्यांच्यापैकी कोणी विचारीत नाही. आजाऱ्याला घेऊन निघालेल्या माणसाला इतिहासाची विचारपूस करण्यास सवड नसते. परंतु हे नाव कागलचे आहे. कोल्हापुराजवळच्या कागलकर घाटग्यांपैकी सर्जेराव घाटगे यांचे हे चिरंजीव आणि ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या राणी बायजाबाई यांचे बंधू. दौलतराव 1827 साली वारल्यावर बायजाबाईंनी काही वर्षे संस्थानचा कारभार पाहिला. 1833 मध्ये त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले. बहिणीचे राज्य गेल्यावर भावाने दिल्ली जवळ केली.

ज्या वाड्यात ते राहिले तो विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने 1830 च्या सुमारास बांधलेला होता. 22 मार्च 1835 रोजी फ्रेझरचा खून झाला. त्या प्रकरणी फिरोजपूर झिरक्याचे नवाब शमसुद्दीन खान यांस त्याच वर्षी फाशी देण्यात आले. त्या वेळी अवघ्या चार वर्षांचा असलेला त्यांचा मुलगा पुढे दाग देहलवी या नावाने उर्दू कवितेत अजरामर झाला. फ्रेझरमागून वाडा हिंदूरावांकडे आला. शिकारीचा शौक आणि पाहुण्यांची सरबराई यांबद्दल त्यांची दिल्लीत ख्याती होती. 1857 चा उठाव होण्यापूर्वीच ते निवर्तले. पण त्या वर्षीच्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत इंग्रज फौजेचे ठाणे याच टेकडीवर होते आणि मेजर चार्ल्स रीड यांच्या सिरमूर पलटणीतील गुरख्यांनी हा वाडा लढविला. तोफांच्या माऱ्याने भिंतींची चाळण झाली. ज्या सरदाराचा त्या युद्धाशी काडीमात्र संबंध नव्हता, त्याचे नाव अशा रीतीने दिल्लीच्या वेढ्याच्या प्रत्येक इंग्रजी वृत्तांतात जाऊन बसले. 1803 साली पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेने दिल्ली गमावली होती. दिल्लीवर मराठी सरदाराचे नाव राहिले ते त्यानंतर, आणि तेही पराक्रमाने नव्हे, तर राहत्या घराच्या पत्त्याने!

मनुष्याच्या आठवणींचेही असेच असते. काय मागे उरेल आणि काय वाहून जाईल, हे ज्याच्या त्याच्या हाती नसते. कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या तारुण्याविषयी बोलते करावे. तो तत्त्वज्ञान सांगत नाही. तो एखाद्या सामन्याचे सांगतो, एखाद्या गाण्याचे सांगतो, आणि अमुक बातमी आली तेव्हा आपण कोठे उभे होतो ते सांगतो. अमेरिकन माणूस या ठिकाणी बेसबॉलच्या गोष्टी सांगेल, वाद्यवृंदाच्या तालावर नाचविणारी गाणी गुणगुणेल आणि राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येपाशी येऊन थांबेल. मराठी माणसाच्या बाबतीत बेसबॉलच्या जागी क्रिकेट येते आणि गाण्याच्या जागी भावगीत किंवा सिनेमातले गाणे येते. बातमी मात्र बहुधा दिल्लीची असते. नवल असे की, या तिन्हींचे धागे हिंदूरावाच्या टेकडीच्या पायथ्याशी, एखाद्या सकाळच्या फेरफटक्याच्या अंतरात, सापडतात.

टेकडी पश्चिमेस उतरली की सब्जीमंडी लागते आणि तिच्या पलीकडे रोशनआरा बाग. शाहजहानच्या या कन्येने आपल्यासाठी बाग लावून घेतली आणि ती तेथेच चिरनिद्रा घेत आहे. बागेला लागून 1922 साली रोशनआरा क्लब निघाला. भारतीय क्रिकेटचा कारभार ज्या मंडळाच्या हाती आहे त्याची बोलणी याच क्लबात झाली. 1926-27 च्या हंगामात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी.चा संघ हिंदुस्थानात आला होता. मुंबईच्या जिमखान्यावर सी. के. नायडू यांनी त्यांच्या गोलंदाजीवर अकरा षटकार ठोकून 153 धावा केल्या, ही गोष्ट पुढे दोन पिढ्यांनी आपापल्या नातवंडांना सांगितली. या संघाशी बरोबरीने खेळणाऱ्या देशाला स्वतःचे मंडळ हवे, असा सल्ला गिलिगन यांनी दिला. त्यानंतर 1927 च्या नोव्हेंबरात रोशनआरा क्लबात सभा भरली आणि 1928 च्या अखेरीस मंडळ स्थापन झाले. ग्रँट गोवन पहिले अध्यक्ष झाले आणि अँथनी डिमेलो पहिले चिटणीस. मुंबईचे कोणीही घ्या, क्रिकेटचे माहेर मुंबईच, असे तो छातीठोकपणे सांगेल. ते खोटे नाही. परंतु बारशाचा पाळणा हलला तो दिल्लीच्या या बागेत.

क्रिकेटने मराठीत येताना जी भाषा घडविली तिच्याकडे क्षणभर वळावयास हवे. ‘गोलंदाज’ हा शब्द मुळात तोफ डागणाऱ्याचा. मराठ्यांच्या तोफखान्यात गोलंदाज होते, आणि हिंदूरावांच्या वाड्याभोवती 1857 मध्ये तोफांवर जे उभे होते तेही गोलंदाजच. पुढे तो शब्द पांढरे कपडे घालून हातात तांबडा चेंडू घेतलेल्या माणसाला मिळाला आणि तोफेचा सगळ्यांना विसर पडला. ‘त्रिफळा’ वैद्याच्या दुकानातून उचलून यष्ट्यांकडे आणला, आणि तो असा चपखल बसला की आता फलंदाजाचा त्रिफळा उडाल्यावर कोणाला हिरडा-बेहडा आठवत नाही. यष्टिरक्षक, षटक, निर्धाव, धावते समालोचन या शब्दांना पुण्याच्या बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून घरोघर पोहोचविले. शब्दकोशकारांनी सभा भरवून केलेले कितीतरी प्रतिशब्द कपाटात पडून राहिले. हे मात्र जिभेवर चढले, कारण ते चेंडू धावत असताना उच्चारले गेले.

आता टेकडी पूर्वेस उतरावी. येथे सिव्हिल लाइन्स लागतात आणि त्यांतून अलीपूर रोड जातो. या रस्त्यावरील 18 क्रमांकाच्या बंगल्यात 1 जानेवारी 1936 रोजी दिल्लीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्याच महिन्यात तेथून पहिले बातमीपत्र प्रसारित झाले आणि जूनमध्ये या संस्थेस ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. लायनेल फील्डन हे तिचे पहिले नियंत्रक. 1943 साली संसद मार्गावरील इमारत उभी राहीपर्यंत दिल्लीचा आवाज या टेकडीच्या सावलीतून निघत होता. उर्दूचे थोर कथाकार सआदत हसन मंटो यांनीही 1941-42 मध्ये दिल्ली केंद्रासाठी भराभर नाटिका लिहिल्या.

रेडिओ त्या काळी वस्तू नव्हती, घरातले एक माणूस होते. त्याला परवाना लागे, आणि परवान्याची फी पोस्टात भरावी लागे. गच्चीवर दोन बांबूंना तांब्याची तार ताणलेली असे. बटण फिरविले की आतल्या दिव्या तापेपर्यंत दम धरावा लागे. मग हिरवा डोळा हळूहळू मिटत आला म्हणजे केंद्र लागले असे समजावयाचे. ज्याच्याकडे रेडिओ असे त्याच्या ओट्यावर कसोटीच्या दिवसांत बिऱ्हाडकरूंची गर्दी होई, आणि जो कधी कोणाशी बोलत नसे असा कारकूनही धावसंख्या विचारण्यापुरता शेजाऱ्याशी बोले. दिल्लीतल्या मराठी कुटुंबाला तर त्यात अधिक काही होते. सचिवालयात नोकरीला आलेला मनुष्य पहाडगंजात किंवा करोलबागेत बिऱ्हाड थाटी. मुले नूतन मराठी शाळेत जात, पण अंगणात हिंदीत आणि पंजाबीत भांडत. दिवसातून काही मिनिटे मराठी बातमीपत्र लागे. त्यात बातमी कोणतीही असो, ते ऐकताना घरातील आवाज आपोआप बंद होत. कित्येक दशके मराठी बातम्या दिल्लीहूनच प्रसारित होत असत. म्हणजे रत्नागिरीच्या आणि नागपूरच्या श्रोत्याला जो आवाज दूर राजधानीचा वाटे, तो दिल्लीतल्या मराठी घरात शेजारच्या गल्लीतल्या गृहस्थाचा असे.

या नभोवाणीचे दैव 1952 पासून 1962 पर्यंत एका मराठी माणसाच्या हाती होते, आणि खेळ, गाणे व बातमी या तिन्हींच्या आठवणींत त्यांचे नाव निरनिराळ्या रागालोभाने निघते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्यात 1903 साली जन्मले, काशी विद्यापीठात शिकले, पॅरिसच्या सोर्बोनमधून डॉक्टर होऊन आले आणि उत्तर प्रदेशातून लोकसभेवर निवडून गेले. नेहरूंच्या मंत्रिमंडळात माहिती व नभोवाणी खाते त्यांच्याकडे आले. क्रिकेट हा राजेरजवाड्यांचा आणि श्रीमंतांचा खेळ असून इंग्रजांचे राज्य गेल्यावर तो या देशात टिकणार नाही, असे त्यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास लिहिले होते. भाकीत किती चुकावे याला सीमा नाही! मंत्री झाल्यावर त्यांच्याच खात्याच्या लहरींवरून कसोटी सामन्यांचे समालोचन देशभर ऐकू जाऊ लागले आणि जो खेळ मरावयाचा होता तो खेड्यातल्या चावडीपर्यंत पोहोचला.

सिनेसंगीताशी त्यांनी उघड वैर धरले. सवंग, उसन्या चालींच्या गाण्यांनी राष्ट्राची अभिरुची बिघडते असे त्यांचे प्रामाणिक मत होते. नभोवाणीवरील चित्रपटगीतांचा वाटा त्यांनी कमी केला. गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात, असे ठरवून ते वगळले. त्यावर निर्मात्यांनी परवानगीच काढून घेतली आणि काही वर्षे आकाशवाणीवर सिनेमाचे गाणे दुर्मीळ झाले. गाणे अर्थातच थांबले नाही. ते लंकेला गेले. महायुद्धात मित्रसैन्यासाठी उभारलेले कोलंबोचे शक्तिशाली प्रक्षेपक आता रेडिओ सिलोन म्हणून ओळखले जात होते. 1952 च्या डिसेंबरात तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. मुंबईत ध्वनिमुद्रण करून फिती विमानाने कोलंबोला जात, आणि बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी यांचा आवाज समुद्र ओलांडून परत मुंबईत, पुण्यात, दिल्लीत उतरे. एका टूथपेस्टच्या जोरावर दर आठवड्याला गाण्यांची पायरी ठरे, आणि कोणते गाणे चढले व कोणते घसरले यावर महाविद्यालयांत पैजा लागत. सयानी 2024 च्या फेब्रुवारीत वारले तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळ श्रोत्यांना आपल्याच घरातले कोणी गेल्यासारखे वाटले.

केसकरांची चेष्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळ झाली आहे. परंतु न्याय करावयाचा तर वहीचे दुसरे पानही उलटले पाहिजे. 1952 च्या जुलैत त्यांनी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ज्या गवयाला ऐकावयाचे तर पूर्वी संस्थानिकाच्या दरबारात किंवा सावकाराच्या दिवाणखान्यात शिरकाव हवा, तो गवई शनिवारी रात्री शाळामास्तराच्या खोलीत गाऊ लागला. कलावंतांच्या श्रवणचाचण्यांसाठी त्यांनी पंडित रातंजनकर यांना पुढे केले. त्यावर नामवंत गायक रुसले, मोर्चे निघाले, आणि गुरुजींना पुष्कळ मनस्ताप झाला. 1940 पासून नभोवाणीवर असलेली पेटीवरील बंदीही त्यांनी उठविली नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्या पेटीवाद्याच्या महाराष्ट्राला हे झोंबणारच होते. सिनेमाच्या गाण्याला पर्याय म्हणून केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग निघाले. त्यांतले बरेचसे गाणे निष्प्राण निघाले हे कबूल केले पाहिजे. सरकारी हुकमाने चाल सुचत नाही.

परंतु त्याच काळात, त्याच धोरणाच्या कुंपणात, पुणे केंद्रावरून 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले. सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांच्या चाली. वर्षभर, अधिक महिन्यासह, छप्पन्न गीते झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे यांच्यासारखे गळे त्यासाठी लाभले. माडगूळकरांचे गीत अखेरच्या घटकेला हाती पडे आणि फडके त्यास तेथल्या तेथे चाल लावीत, अशा आख्यायिका त्या केंद्रात सांगितल्या जात. ठरलेल्या वेळी घराघरांत रेडिओला फुले वाहिली जात. सिलोनवरचे गाणे आणि पुण्याचे हे गाणे यांत श्रेष्ठ कोणते, हा वाद निरर्थक होय. ज्या घरात बुधवारी गीतमाला ऐकली जाई त्याच घरात ‘गीतरामायण’ही ऐकले जाई, फार तर एक आजीच्या देखत आणि दुसरे आजी झोपल्यावर. 1957 च्या 3 ऑक्टोबरला ‘विविध भारती’ सुरू करून केसकरांच्या खात्यानेही सिनेगीताशी तह केला. मंत्र्याला हरविले ते विरोधी पक्षाने नव्हे, दाढी करताना गाणे ऐकणाऱ्या श्रोत्याने.

दिल्लीच्या खेळाचे सांगावयाचे राहिले. रोशनआरा बागेत मंडळ जन्मले, पण कसोटी रंगली ती तटाच्या दक्षिणेस, फिरोजशहा कोटल्यावर. याच फिरोजशहा तुघलकाने मेरठहून आणलेला अशोकाचा स्तंभ हिंदूरावाच्या टेकडीवर उभा आहे. दारूच्या स्फोटाने त्याचे तुकडे झाले होते, ते 1867 मध्ये पुन्हा सांधण्यात आले. त्याने दुसरा स्तंभ कोटल्यात उभारला. म्हणून कोटला आणि हिंदूराव ही एका अर्थी भावंडे म्हणावयास हरकत नाही.

कोटल्यावर 1948 च्या नोव्हेंबरात पहिली कसोटी झाली. वेस्ट इंडीजच्या चौघांनी शतके काढून 631 धावांचा डोंगर उभा केला. त्याला तोंड देत पुण्यात जन्मलेले, सैन्यात अधिकारी असलेले हेमू अधिकारी 114 धावा करून नाबाद राहिले. चार वर्षांनी, 1952 च्या ऑक्टोबरात, पाकिस्तानचा संघ त्याच्या इतिहासातील पहिली कसोटी खेळण्यास याच मैदानावर उतरला. फाळणीला पाच वर्षेच झाली होती. प्रेक्षकांतले निम्मेअधिक लोक लाहोर, रावळपिंडी सोडून आलेले, आणि समोरच्या संघाचा कर्णधार कारदार हा सहा वर्षांपूर्वी भारताच्या बाजूने खेळलेला. विनू मंकड यांनी दोन्ही डावांत मिळून तेरा गडी बाद केले आणि भारताने डावाने विजय मिळविला. पण जुन्या श्रोत्यांना विचारले तर ते मंकडांच्या आधी अखेरच्या जोडीचे सांगतात. अधिकारी आणि गुलाम अहमद यांनी दहाव्या गड्यासाठी 109 धावा जोडल्या. अधिकारी 81 वर नाबाद राहिले. पुण्याचा मराठी सैनिक आणि हैदराबादचा मुसलमान फिरकी गोलंदाज, दिल्लीत, निर्वासितांच्या टाळ्यांत! त्या काळच्या वर्तमानपत्रांतील कितीतरी अग्रलेखांपेक्षा त्या दीड-दोन तासांनी अधिक काही सांगितले असावे.

आणि 1959 चा फेब्रुवारी. वेस्ट इंडीजविरुद्धच्या त्या मालिकेत भारताने पाच सामन्यांत चार कर्णधार वापरले. मालिका हातची गेलेली. अखेरची कसोटी कोटल्यावर, आणि चौथे कर्णधार म्हणून पुन्हा अधिकारी. वय चाळिशीकडे झुकलेले. प्रतिपक्षाने 644 धावा केल्या. पुण्याचे तरुण चंदू बोर्डे पहिल्या डावात 109 धावा करून गेले. दुसऱ्या डावात ते पुन्हा उभे राहिले आणि 96 वर पोहोचले. एका सामन्यात दोन शतके तोवर एकाच भारतीयाने, विजय हजारे यांनी 1948 साली ॲडलेडला, काढली होती. गिलख्रिस्टच्या त्या प्रसिद्ध वेगाला टोला देताना बोर्ड्यांचीच बॅट यष्टीवर लागली. स्वयंचित! सामना अनिर्णित राहिला, अब्रू वाचली, पण त्या चार धावा गेल्या त्या गेल्याच. पुढे याच मैदानावर 1983 साली सुनील गावसकर यांनी एकोणतिसावे शतक काढून ब्रॅडमनची बरोबरी केली. 2005 साली सचिन तेंडुलकर यांनी पस्तिसावे शतक काढून गावसकरांना मागे टाकले. ती शतके पुस्तकांत आहेत. बोर्ड्यांच्या चार धावा मात्र त्या पिढीच्या लोकांनी आयुष्यभर उराशी बाळगल्या.

बातमीचे असे नसते. ती उराशी बाळगण्याजोगी असतेच असे नाही. 1956 चे साल मराठी माणसाला दिल्लीच्या बातम्यांचे म्हणूनच आठवते. मुंबई केंद्रशासित ठेवण्याच्या निर्णयाविरुद्ध अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी जुलैत राजीनामा दिला. दिल्लीतल्या मराठी कारकुनाने ही बातमी सरकारी कचेरीत बसून ऐकली आणि दिवसभर कोणाशी काही न बोलता फायली उपसल्या. अभिमान दाखविण्याची सोय नव्हती. हेच देशमुख पुढे 1962 पासून दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांची कचेरी याच टेकडीच्या उत्तर टोकाजवळच्या जुन्या व्हाइसरॉय निवासात होती.

परंतु त्या वर्षाची खरी बातमी डिसेंबरात आली, आणि ती पुन्हा अलीपूर रोडवरची होती. नभोवाणीचा पहिला बंगला ज्या रस्त्यावर होता त्याच रस्त्यावरच्या 26 क्रमांकाच्या बंगल्यात, मंत्रिपद सोडल्यानंतर, डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर राहत होते. 14 ऑक्टोबरला नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली होती. प्रकृती ढासळली होती, तरी बुद्ध आणि त्याच्या धम्मावरील ग्रंथाचे काम चालूच होते. 5 डिसेंबरच्या रात्रीचे जे वर्णन धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे, ते वाचताना या विषयाशी त्याचे नाते एकाएकी ध्यानात येते. बाबासाहेब बुद्धवंदना हलक्या आवाजात म्हणत होते आणि तिचीच ध्वनिमुद्रिका त्यांनी रेडिओग्रामवर लावावयास सांगितली. ग्रंथाची प्रस्तावना हाती घेतली. 6 तारखेच्या सकाळी ते उठले नाहीत.

बाबासाहेबांना खेळाचे मोल ठाऊक नव्हते असे मात्र नाही. परदेशातून शिकून आलेल्या तरुण आंबेडकरांच्या आरंभीच्या सार्वजनिक कार्यांत पळवणकर बाळू यांचा गौरव होता. बाळू हे पुण्याच्या क्लबात मैदानाची निगा राखणारे पोरगे. पुढे ते देशातले पहिल्या प्रतीचे डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. 1911 च्या विलायत दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक बळी मिळविले, पण ज्यांच्यासाठी ते मिळविले त्या सोबत्यांनी मैदानाबाहेर त्यांचा चहाचा पेला वेगळा ठेवला. त्यांचे बंधू विठ्ठल 1923 साली हिंदू संघाचे कर्णधार झाले, तेव्हा अन्यायाच्या एका भिंतीला भगदाड पडले. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्याच बाळूंना आंबेडकरांविरुद्ध उभे केले, हा दैवाचा दुसरा खेळ; निवडून आंबेडकर आले. चेंडूने जे थोडेसे साधले ते सर्वांसाठी साधावे म्हणून आंबेडकरांनी आयुष्य वेचले.

6 डिसेंबरला रेडिओवर बातमी फुटली तेव्हा महाराष्ट्रातील कित्येक वस्त्यांत रेडिओच नव्हते. हॉटेलाबाहेर उभे राहून ज्याने ऐकले तो धावत वस्तीकडे गेला. रात्री विमानाने पार्थिव मुंबईस नेण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या समुदायात अंत्यसंस्कार झाले. दिल्लीत, त्या बंगल्याच्या दारात, ज्यांनी दिवसभर उभे राहून दर्शन घेतले, त्यांत सचिवालयातले मराठी शिपाई होते आणि मराठीचा एक शब्दही न समजणारे सब्जीमंडीतील कामगारही होते. त्या जागी 2018 साली राष्ट्रीय स्मारक उभे राहिले.

खेळ, गाणे आणि बातमी या तिघी एकाच ठिकाणी भेटल्या असा दिल्लीतला एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. 1962 च्या शरदात चीनचे आक्रमण झाले. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस आले, आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीस धावला असे मराठी वर्तमानपत्रांनी छापले. 1963 च्या जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, नॅशनल स्टेडियमवर सैनिकांच्या साहाय्यार्थ कार्यक्रम झाला. हे मैदान 1951 साली पहिल्या आशियाई खेळांचे. ते भरविण्यात रोशनआरा क्लबातल्या सभेचेच अँथनी डिमेलो पुढे होते. त्या मैदानावर लता मंगेशकरांनी कवी प्रदीप यांचे ‘ऐ मेरे वतन के लोगो’ गायिले. चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांची. नेहरूंचे डोळे पाणावले, हे सर्वश्रुत आहे. ज्या शब्दांना आणि ज्या चालीला सिनेमाच्या पडद्याची गरज पडली नाही, असे ते गाणे होते. केसकर तेव्हा मंत्री नव्हते. 1962 च्या निवडणुकीत ते पराभूत झाले होते.

2025 च्या फेब्रुवारीत दिल्लीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अठ्ठ्याण्णवावे अधिवेशन भरले, तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली. याआधीचे दिल्लीतले संमेलन 1954 साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली झाले होते, आणि उद्घाटनास नेहरू होते. या वेळचे संमेलन तालकटोरा स्टेडियममध्ये झाले. 1737 च्या मार्चमध्ये पहिल्या बाजीरावाच्या घोडदळाने तालकटोऱ्याजवळ तळ दिला होता, ही गोष्ट भाषणांतून पुष्कळदा निघाली. संमेलनास आलेल्या प्रतिनिधींना दिल्ली दाखविणाऱ्या बसगाड्या लाल किल्ल्यावर गेल्या, कुतुबमिनारवर गेल्या. उत्तरेकडच्या त्या टेकडीवर मात्र नेहमीसारखीच रुग्णांची रांग होती. नोंदणीच्या खिडकीवरचा कारकून कागदांवर शिक्का मारीत होता, आणि प्रत्येक शिक्क्यात कागलच्या घाटग्यांचे नाव देवनागरीत उमटत होते.